रक्तवाढीचं इंजेक्शन, शिरेतून लोह आणि खाटेला लावलेलं पेडल: डायलिसिसवरचा माझा दीड वर्षाचा अनुभव

आमच्या जिन्याला १८ पायऱ्या आहेत. डायलिसिस सुरू झालं त्या महिन्यात मी सातव्या पायरीवर थांबत होतो आणि मग पुन्हा तेराव्या. कठड्याला धरून उभं राहायचं, कानातले ठोके जरा शांत होऊ द्यायचे, मग पुढची पायरी. ३४ वर्षं मी जमीनमोजणीचं काम केलंय. खांद्यावर थिओडोलाइटची तिवई घेऊन टेकड्या चढलोय. त्या माणसाला स्वतःच्या घरात वरच्या खोलीत जायला दोन थांबे घ्यावे लागतात, हे मनाला फार लागलं.

मोजायची सवय हाडीमाशी खिळलेली, म्हणून पहिल्या आठवड्यापासून वही ठेवली. तारीख, हिमोग्लोबिन, रक्तदाब, वजन, आणि किती पायऱ्यांनंतर थांबलो ते. हे सगळं त्या वहीच्या आधाराने लिहितोय. औषधांच्या कंपन्यांची नावं देत नाही, कारण मी दोन वेगवेगळ्या कंपन्यांचं इंजेक्शन वापरलं आणि माझ्या वहीत तरी दोघांत फरक दिसला नाही. केंद्राचंही नाव देत नाही. मला बोलायचंय ते उपचाराबद्दल.

निकाल आधीच सांगून टाकतो, कारण डायलिसिसहून घरी आल्यावर लांबलचक वाचायचीही ताकद नसते हे मला माहीत आहे. इंजेक्शन उत्तम आहे, पण लोक त्याच्याकडून जास्तीचं मागतात. लोहाकडे जितकं लक्ष द्यायला हवं तितकं दिलं जात नाही. आणि माझ्या पायऱ्या ज्याने मला खरोखर परत दिल्या ते, डायलिसिसच्या खाटेवर पडून पायांनी फिरवायचं पेडल, मी पाहिलेल्या दोन केंद्रांपैकी एकात नव्हतंच आणि दुसऱ्यात कपाटामागे धूळ खात होतं.

आता सविस्तर.

सुरुवातीला मला वाटायचं, दम लागतो तो अंगात पाणी साठतं म्हणून. तेही कारण होतंच. दोन डायलिसिसच्या मध्ये वजन तीन किलोने वाढलं की रात्री आडवं पडता यायचं नाही. पण पाणी पूर्ण काढून, ड्राय वेटला, म्हणजे जास्तीचं पाणी नसतानाच्या वजनाला, आणूनही जिना तसाच. तेव्हा हिमोग्लोबिन ७.२ होतं. डॉक्टर खाटेजवळ स्टूल ओढून बसले आणि म्हणाले, "काका, किडनी नुसती लघवी तयार करत नाही. रक्तात प्राणवायू कमी पडतोय हे तिला कळतं आणि ती हाडांतल्या मज्जेला निरोप पाठवते, तांबड्या पेशी वाढव म्हणून. तुमच्याकडे आता निरोप पाठवणारंच कुणी उरलं नाही."

त्या निरोपाचं नाव एरिथ्रोपोएटिन. यकृतही थोडंसं बनवतं, पण त्यावर भागत नाही. त्यात निरोगी माणसाची तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते, किडनी निकामी झालेल्याची त्याआधीच मरते. शिवाय प्रत्येक डायलिसिसला थोडं रक्त नळ्यांत आणि रक्त गाळणाऱ्या डायलायझरमध्ये राहून जातं, दर महिन्याला तपासणीसाठी काढतात ते वेगळं. आवक कमी, आयुष्य कमी, वर गळती. हा हिशेब कळला तेव्हा ७.२ हा आकडा मला पहिल्यांदा नीट समजला.

पहिल्या केंद्रात मला आधी रक्ताच्या दोन पिशव्या लावल्या होत्या. दोन आठवडे अंगात जान आल्यासारखं वाटलं, मग पुन्हा येरे माझ्या मागल्या. नंतर कळलं की बाहेरच्या रक्तामुळे शरीरात अशी प्रतिपिंडं तयार होऊ शकतात की पुढे प्रत्यारोपणासाठी जुळणारी किडनी मिळणं अवघड होतं. माझं नाव प्रत्यारोपणाच्या यादीत आहे. ही गोष्ट पिशवी लावायच्या आधी मला कुणीतरी सांगायला हवी होती. जीव धोक्यात असेल तर रक्त लावावंच लागतं, त्याबद्दल वाद नाही. पण माझ्या बाबतीत इंजेक्शन सुरू करून वाट पाहता आली असती, असं दुसऱ्या केंद्रातल्या डॉक्टरांचं मत पडलं.

हे इंजेक्शन म्हणजे बाहेरून दिलेलं एरिथ्रोपोएटिन. त्याचा इतिहास मी मुद्दाम शोधून वाचला, आणि वाचल्यावर त्या इवल्याशा सिरिंजकडे बघायची माझी नजर बदलली. शिकागोतले यूजीन गोल्डवासर यांनी या एका पदार्थाच्या मागे कित्येक वर्षं घालवली. शेवटी जपानमधल्या ताकाजी मियाके यांनी अप्लास्टिक ॲनिमियाच्या, म्हणजे मज्जेत रक्तपेशी बनणं थांबलेल्या, रुग्णांची २५५० लिटर लघवी जमवून, वाळवून आणली आणि १९७७ साली त्यातून काही मिलिग्रॅम शुद्ध एरिथ्रोपोएटिन हाती लागलं. अडीच हजार लिटरमधून काही मिलिग्रॅम! १९८३ मध्ये फू-कुएन लिन यांनी त्याचं जनुक वेगळं काढलं, म्हणजे ते पेशींकडून हवं तितकं बनवून घेता येऊ लागलं. १९८७ मध्ये जोसेफ एशबाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २५ डायलिसिस रुग्णांवरचे निष्कर्ष छापले आणि १९८९ मध्ये अमेरिकेत औषधाला मान्यता मिळाली. त्याआधी डायलिसिसवर असलेल्यांना रक्ताच्या पिशव्यांवर दिवस काढावे लागायचे. सिस्टर सुई टोचते त्या दोन सेकंदांत मला दर वेळी त्या २५५० लिटरची आठवण येते.

प्रत्यक्ष वापराचं सांगतो. सुई बारीक, टोचल्याचं फारसं जाणवत नाही, औषध आत जाताना किंचित चुरचुरतं. डायलिसिसच्या नळीतूनही देतात, पण मी पोटावर कातडीखाली घेतो, कारण एपोएटिन, म्हणजे बाहेर बनवलेलं एरिथ्रोपोएटिन, कातडीखाली दिलं तर तेवढ्याच परिणामाला कमी युनिट पुरतात. औषध २ ते ८ अंश तापमानात ठेवावं लागतं, गोठवायचं नाही, हलवायचं नाही. एकदा दुकानातून मिळालेल्या डब्यातला बर्फ पूर्ण वितळून डबा कोमट झाला होता. मी ते घेतलं नाही आणि दुसरं मागितलं. तुम्हीही संकोच करू नका. हे प्रथिन आहे, उन्हात तापलेलं असेल तर बाहेरून काही दिसत नाही आणि आपण मात्र महिनाभर वाट पाहत बसतो.

वाट पाहणं हाच याचा सगळ्यात कठीण भाग. पहिले तीन आठवडे काहीही जाणवलं नाही. मुलगी रोज फोनवर विचारायची, "बाबा, आज किती पायऱ्या?" आणि मी रोज सात म्हणायचो. मज्जेला निरोप पोचला तरी पेशी तयार व्हायला वेळ लागतो. परिणाम दिसायला दोन ते सहा आठवडे धरावेत हे आधी माहीत असतं तर मी इतका खचलो नसतो.

पण माझ्या बाबतीत सहा आठवडे झाले, आठ झाले, हिमोग्लोबिन ७.९ वर अडकलं. केंद्राने काय केलं? डोस वाढवला. आठवड्यातून दोनदा ४००० युनिट होते ते तीनदा केले. पुढच्या महिन्यात ६००० तीनदा. आकडा हलेना. तेव्हा एका नव्या सिस्टरने माझी फाइल चाळली आणि म्हणाली, "काका, तुमचं आयर्न प्रोफाइल कधी केलं होतं?" कधीच केलं नव्हतं. केलं तेव्हा फेरिटिन, म्हणजे लोहाच्या साठ्याचं माप, ९६ आणि रक्तात लोह वाहून नेणाऱ्या ट्रान्सफेरिनची संपृक्तता, जिला सगळे टीसॅट म्हणतात, ती १३ टक्के. दोन्ही कमी. म्हणजे घरात विटा नाहीत आणि आम्ही गवंड्यावर ओरडत होतो. दोन महिने.

याचा मला राग आला आणि तो अजून गेलेला नाही. इंजेक्शन सुरू करायच्या आधी लोह पाहायचं असतं आणि चालू असतानाही दर काही महिन्यांनी पाहायचं असतं. मला ते विचारायचं सुचलं नाही कारण मला माहीतच नव्हतं. वाचणाऱ्यांपैकी कुणाचं इंजेक्शन चालू असून आकडा वाढत नसेल, तर पुढच्या भेटीत हा एक प्रश्न आवर्जून विचारा: माझं फेरिटिन आणि टीसॅट शेवटचं कधी पाहिलं?

लोहाच्या गोळ्या मी आधी घेत होतो. पोट बिघडलं, शौचाला काळं झालं, हाती काही लागलं नाही. याचं कारण हेप्सिडिन नावाचं संप्रेरक. किडनीच्या आजारात आणि शरीरात आतून दाह (इन्फ्लमेशन) असला की ते वाढतं, आतड्यांतून लोह आत येऊ देत नाही आणि साठ्यातलं बाहेर पडू देत नाही. दारालाच कुलूप असेल तर गोळी काय करणार? म्हणून शिरेतून. डायलिसिस चालू असतानाच नळीतून आयर्न सुक्रोज, दर वेळी १०० मिलिग्रॅम, असे दहा डोस. तोंडात नाणं धरल्यासारखी चव यायची, तेवढाच त्रास. पहिल्या डोसला सिस्टर शेजारी उभी राहिली, कारण क्वचित कुणाला याची जोरात ॲलर्जी येते. ती उभी राहिली याबद्दल तिचे मनापासून आभार.

आणि मग आकडा हलला. ७.९, ८.८, ९.९, पाचव्या महिन्यात १०.८. इंजेक्शन तेच होतं, डोस तोच होता. ब्रिटनमध्ये २१४१ डायलिसिस रुग्णांवर झालेल्या आणि २०१९ मध्ये छापलेल्या पिव्होटल नावाच्या अभ्यासातही हेच दिसलं: साठा पुरेसा असलेल्यांना वगळून बाकीच्यांना दर महिन्याला ४०० मिलिग्रॅम लोह आपणहून दिलं, तेव्हा लोह संपायची वाट पाहणाऱ्या गटापेक्षा त्यांना इंजेक्शन कमी लागलं. मला दोन महिन्यांत जे स्वतःच्या अंगावर कळलं ते मोजूनमापून सिद्ध झालेलं आहे. तरीही मी इंजेक्शनाबद्दल दहा लोकांशी बोलतो तेव्हा लोहाबद्दल एखाददुसऱ्यालाच माहीत असतं.

आकडा चढला तसा रक्तदाबही चढला. एका सकाळी डोकं इतकं ठणकत होतं की उजेड सहन होईना. मोजला तर १७६ वर १०२. डॉक्टरांनी इंजेक्शनाचा डोस निम्मा केला आणि रक्तदाबाची गोळी वाढवली. हा या औषधाचा ठाऊक असलेला दुष्परिणाम आहे. म्हणून घरी रक्तदाबाचं यंत्र ठेवाच, आणि फिस्टुलावर (डायलिसिसच्या सुईसाठी हातातली शीर आणि धमनी जोडून केलेली जागा) रोज हात ठेवून थरथर जाणवते का तेही बघा, कारण रक्त दाट झालं की तिथे गुठळी होण्याची भीती असते.

तेव्हा मी डॉक्टरांशी हुज्जत घातली होती. माझं म्हणणं, निरोगी पुरुषाचं हिमोग्लोबिन १४ असतं, तर मला १०.८ वर का थांबवता? इंजेक्शन आहे, लोह आहे, चढवा की १४ पर्यंत. त्यांनी शांतपणे सांगितलं ते मी नंतर वाचून पडताळलं. हा प्रयोग झालेला आहे, एकदा नव्हे, अनेकदा. १९९८ मध्ये हृदयविकार असलेल्या १२३३ डायलिसिस रुग्णांत रक्ताचं प्रमाण निरोगी माणसाइतकं चढवून पाहिलं, फायदा दिसला नाही आणि अभ्यास मधेच थांबवला. २००६ मध्ये डायलिसिसपर्यंत न पोचलेल्या १४३२ रुग्णांत १३.५ चं लक्ष्य ठेवलेल्यांना ११.३ वाल्यांपेक्षा जास्त त्रास झाला. २००९ मध्ये मधुमेह आणि किडनीचा आजार असलेल्या ४०३८ जणांत १३ चं लक्ष्य ठेवलं, तर पक्षाघाताचं प्रमाण जवळजवळ दुप्पट झालं. त्यानंतर २०१२ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी सांगितलं की साधारणपणे ११.५ च्या वर ठेवू नये आणि १३ च्या वर तर मुद्दाम नेऊच नये. मी गप्प झालो. आकड्याशी भांडायची माझी सवय नाही. डोसचा निर्णय डॉक्टरांचाच, पण असं कारण सांगणारा डॉक्टर मिळाला की माणूस औषध निमूटपणे घेत नाही, समजून घेतो.

तर पाचवा महिना, १०.८. फरक किती पडला? खूप. हातपाय थंड पडायचे ते थांबले. दुपारी वाचता वाचता मान पडायची ती थांबली. बोलताना वाक्य अर्धवट सोडायची वेळ येत नव्हती. सातव्या पायरीवरचा थांबा गेला. एवढ्यासाठी मी इंजेक्शनाला पाचपैकी चार गुण देतो आणि लोहाला पाचपैकी पाच.

पण तेराव्या पायरीवरचा थांबा गेला नाही. सहावा महिना गेला, सातवा गेला, हिमोग्लोबिन १०.५ ते ११ च्या मध्ये छान स्थिर, फाइलवर दर महिन्याला "लक्ष्यात आहे" असा शेरा, आणि मी मात्र तेराव्या पायरीवर. आता छातीतला दम नव्हता. मांड्या भरून यायच्या, शिसं ओतल्यासारख्या. मी हे सांगितलं की उत्तर मिळायचं, "रिपोर्ट तर छान आहे." माझ्या फाइलमध्ये पोटॅशियम होतं, फॉस्फरस होतं, रक्ताचे अकरा आकडे होते. हा माणूस किती चालतो, हा आकडा कुठेच नव्हता.

त्याच सुमारास मी वेळेच्या सोयीसाठी केंद्र बदललं. तिथे आठवड्यातून दोन दिवस एक फिजिओथेरपिस्ट ताई येतात. त्यांनी पहिल्याच भेटीत विचारलं, "काका, रिपोर्ट राहू दे, चालून दाखवता?" आणि मला लांब कॉरिडॉरमध्ये नेलं. सहा मिनिटांत जमेल तितकं चालायचं, धावायचं नाही, दम लागला तर थांबायचं, घड्याळ चालूच राहतं. जमिनीवर दोन खुणा होत्या, मधलं अंतर ३० मीटर. मी या खुणेपासून त्या खुणेपर्यंत दहा वेळा आणि वर सहा मीटर चाललो. ताईंनी लिहिलं ३०६.

मला ते अंतर डोळ्यांना ३० वाटेना. पुढच्या वेळी घरून पोलादी फीत नेली आणि दोघांनी मिळून मोजलं. २७.६ मीटर. म्हणजे माझी चाल ३०६ नव्हे, २८२ मीटर होती, आणि आधीच्या प्रत्येक रुग्णाच्या नावावरही त्याच प्रमाणात जास्तीचं अंतर पडलं होतं. ताईंनी ते लगेच मान्य केलं, नव्या खुणा मारल्या आणि जुन्या नोंदी शाईने दुरुस्त केल्या. त्या दिवशी या केंद्रावर माझा विश्वास बसला.

मांड्यांचं कारणही त्यांनीच समजावलं आणि मला ते पाटाच्या पाण्यासारखं कळलं. धरणातून पाटात पाणी सोडलं म्हणून शेत भिजत नाही, शेतात पाणी नेणाऱ्या चाऱ्या बुजलेल्या असतील तर पाणी बांधावरच राहतं. हिमोग्लोबिन वाढलं म्हणजे पाटाला पाणी आलं. पण स्नायूंतल्या केशवाहिन्या विरळ झालेल्या, स्नायू झिजलेले, त्यांच्या आतली प्राणवायू वापरणारी यंत्रणा किडनीच्या विषाने आणि वर्षभराच्या झोपून राहण्याने मंदावलेली. आठवड्यातून तीनदा चार-चार तास पडून, आणि उरलेले दिवस त्या थकव्यातून सावरत पडून, दुसरं काय होणार? रक्त वाढवल्यावर दम काढायची ताकद वाढते, पण हिमोग्लोबिन जितकं वाढलं त्या मानाने कमीच वाढते, कारण अडथळा पुढे स्नायूत बसलेला असतो.

हे नवं ज्ञान नाही. कॅनडात ११८ हेमोडायलिसिस रुग्णांवर झालेला एक अभ्यास १९९० मध्येच छापून आला होता. एका गटाला औषध नसलेलं नुसतं दिखाव्याचं इंजेक्शन (प्लासिबो), एकाचं हिमोग्लोबिन ९.५ ते ११, एकाचं ११.५ ते १३. औषध मिळालेल्यांचा थकवा कमी झाला आणि ताणचाचणीत ते जास्त अंतर चालले. पण मधल्या आणि वरच्या गटात व्यायामक्षमतेचा फरक निघाला नाही. म्हणजे पहिली चढण इंजेक्शन पार करून देतं, पुढची नाही. माझा सातव्या पायरीचा थांबा गेला आणि तेराव्याचा राहिला, याचं उत्तर तीसेक वर्षं आधीच छापलेलं होतं.

आता पेडल. खुर्चीवरची सायकल समजा, नुसते दोन पॅडल आणि मध्ये घट्टपणा वाढवायची एक खुंटी. डायलिसिसच्या खाटेच्या पायथ्याला क्लॅम्पने बसवायचं. माझा फिस्टुला डाव्या हातात, तो हात उशीवर स्थिर, उजव्याला रक्तदाबाचा पट्टा. सुरुवात पाच मिनिटांनी झाली, खुंटी पूर्ण सैल. वेळ पहिल्या दोन तासांतलीच, कारण नंतर बरंच पाणी काढून झालेलं असतं आणि रक्तदाब घसरायची शक्यता वाढते. हे नियम काटेकोर आहेत आणि असायलाच हवेत. सुरू करायच्या आधी ईसीजी आणि टूडी एको झाला. ज्या दिवशी रक्तदाब कमी, पोटॅशियम जास्त किंवा छातीत काही वेगळं, त्या दिवशी पेडल नाही.

किती जोर लावायचा त्याचं माप म्हणजे ६ ते २० आकड्यांची बोर्गची पट्टी. ६ म्हणजे काहीच श्रम नाहीत, २० म्हणजे जीव जातोय. मला ११ ते १३ मध्ये राहायला सांगितलं होतं, म्हणजे जड वाटतंय पण शेजारच्या खाटेशी बोलता येतंय. पहिल्या आठवड्यात पाचव्या मिनिटालाच १४ वर पोचायचो. बाराव्या आठवड्यात ३० मिनिटं, खुंटी दोन वळसे घट्ट, आणि आकडा १२. त्यात एक अनपेक्षित फायदा: चार तासांतला अर्धा तास कुठे गेला कळायचं नाही. डायलिसिसच्या चार तासांत घड्याळाकडे कसं बघितलं जातं हे ज्याला माहीत आहे त्याला याची किंमत कळेल.

पेडलच्या तक्रारीही आहेत. पायाचे पट्टे स्वस्तातले, दुसऱ्या महिन्यात एक तुटला आणि टाच घसरून नडगीला लागलं. खाट थोडी वर केली की क्लॅम्प सरकतो, म्हणून टेक्निशियन दादाला दर वेळी दोन्हीकडून आवळायला सांगावं लागतं. आठ खाटांना मिळून एकच पेडल. आणि ताई नसतील त्या दिवशी ते लावायचं काम नक्की कुणाचं, हे ठरलेलं नाही. सिस्टरकडे सहा रुग्ण असताना तिच्याकडून ही अपेक्षा करणं मला योग्य वाटत नाही. केंद्राने यासाठी माणूस नेमायला हवा. तरीही पेडलला पाचपैकी पाच. केंद्राच्या सेवेला साडेतीन, आणि त्यातला मोठा वाटा ताईंचा.

डायलिसिस नसलेल्या दिवशी चालणं. इथेही ताईंनी इटलीतल्या एका अभ्यासाचा कित्ता दिला. २०१७ मध्ये छापलेल्या त्या अभ्यासात २९६ डायलिसिस रुग्ण होते, त्यातल्या निम्म्यांना घरीच हलकं चालायला लावलं, दिवसातून दोनदा दहा-दहा मिनिटं, मेट्रोनोम या ठेका देणाऱ्या यंत्राच्या तालावर. सहा महिन्यांत त्यांची सहा मिनिटांची चाल सरासरी ३२८ मीटरवरून ३६७ वर गेली, न चालणाऱ्यांची होती तिथेच राहिली. मी फोनवर ठेका लावून सुरू केलं. ठेक्यावर चालणं मला जमलं, कारण तरुणपणी मोजणीची साखळी ओढताना पावलं मोजायची सवय होती. पहिले पंधरा दिवस पोटऱ्या दुखल्या, मग सुटल्या.

सहा महिन्यांनंतर, दुरुस्त केलेल्या खुणांवर, माझी चाल ३५१ मीटर. खुर्चीतून हात न टेकवता पाच वेळा उठून बसायला आधी १९ सेकंद लागायचे, आता १४. त्या दिवशीचं हिमोग्लोबिन १०.७, म्हणजे पाचव्या महिन्यातल्या १०.८ पेक्षा किंचित कमीच. मी वहीत हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहिले आणि बराच वेळ बघत बसलो. रक्त तेच होतं. पाय बदलले होते.

मधे एकदा घसरगुंडी झाली. छातीत संसर्ग झाला, बारा दिवस अँटिबायोटिक, पेडल बंद. हिमोग्लोबिन ९.१ वर आलं, इंजेक्शन त्याच डोसमध्ये चालू असतानाही. शरीरात असा दाह असला की हेप्सिडिन वाढतं आणि मज्जा निरोप ऐकत नाही, म्हणून डोस न वाढवता आधी संसर्ग आटोक्यात आणला. चाल ३५१ वरून ३१२ वर घसरली होती. हिमोग्लोबिन सात आठवड्यांत सावरलं, चाल सावरायला अकरा लागले. कमावलेली ताकद किती पटकन जाते हे पाहून त्या महिन्यात मी फार उदास होतो. ही म्हणाली, "पहिल्यांदा पाच मिनिटांपासूनच सुरू केलं होतं ना?" मी पुन्हा पाच मिनिटांपासून सुरू केलं.

बरेच जण नव्या गोळ्यांबद्दल विचारतात. शरीराला प्राणवायूची कमतरता कशी कळते, या शोधाला २०१९ चं नोबेल मिळालं आणि त्याच यंत्रणेला हात घालून स्वतःचं एरिथ्रोपोएटिन वाढवणाऱ्या गोळ्या आता आल्या आहेत. टोचणं वाचतं, बर्फाचा डबा वाचतो. पण गुठळ्या आणि हृदयविकाराची सावधगिरी त्यांच्यातही आहे, आणि इंजेक्शन मला नीट लागू पडत असताना बदलायचं कारण नाही असं डॉक्टरांचं मत आहे. मलाही ते पटलं. गोळी घेतली म्हणून चाऱ्या काही आपोआप मोकळ्या होणार नाहीत.

केंद्राला मी लेखी एक विनंती केली आहे. दर महिन्याच्या तक्त्यात हिमोग्लोबिन, फेरिटिन आणि टीसॅटच्या शेजारी आणखी एक रकाना काढा: सहा मिनिटांत चाललेलं अंतर. महिन्याला जमत नसेल तर तीन महिन्यांनी. फीत, घड्याळ आणि एक कॉरिडॉर एवढंच लागतं. व्यवस्थापनाने अजून उत्तर दिलेलं नाही, पण ताईंनी आमच्या पाळीतल्या आठही जणांसाठी पेन्सिलने तो रकाना आखला आहे. चार नंबरच्या खाटेवरच्या मावशी, ज्या आधी पेडलकडे बघायच्याही नाहीत, त्यांचा पहिला आकडा १९४ आला आणि आता पेडलवर त्यांचा नंबर सकाळी माझ्या आधी असतो.

जिन्यावर आता थांबत नाही. अठरावी पायरी चढल्यावर कठड्याला हात लागतो, पण तो आधारासाठी की सवयीने, हे अजून ठरवता आलेलं नाही. पुढची चाचणी येत्या गुरुवारी आहे. फरशी रोज पुसून खुणांचा रंग उडालाय, म्हणून फीत घेऊन जाणार आहे. चालण्याआधी दोघांनी मिळून पुन्हा एकदा मोजून घेऊ.